आईवडील ग्रीन कार्डवर अमेरिकेत येताहेत: मार्केटप्लेसचा विमा कधी, कसा आणि कोणाच्या रिटर्नवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतात, अमेरिकन नागरिक आहेत. घरात पती-पत्नी आणि दोन मुलं, कमावणारे एकटेच, वार्षिक उत्पन्न १,६०,००० डॉलर. वडील ६७, आई ६२. दोघं सांगलीहून इमिग्रंट व्हिसावर येताहेत, ४ मार्चची तिकिटं आहेत. वडिलांना मधुमेह आहे आणि अँजिओप्लास्टी झालेली आहे. ऑफिसमधल्या विमा योजनेत आईवडील बसत नाहीत. उरतो मार्केटप्लेस, म्हणजे स्वतःचा आरोग्य विमा घेण्याचा सरकारी ऑनलाइन बाजार (टेक्सासला हेल्थकेअर डॉट गव्ह). एक मित्र म्हणतो, वर्षभराचा व्हिजिटर इन्शुरन्स घे. दुसरा म्हणतो, "त्यांचं इथलं उत्पन्न शून्य, मार्केटप्लेसवर शून्य टाक, विमा फुकट मिळेल." कोणाचं ऐकावं?

दोघांचंही नको. पहिल्याचा सल्ला महागात पडू शकतो आणि दुसऱ्याचा तर २०२६ पासून उलटाच लागू होतो. प्लॅन कोणता हा प्रश्न पुढचा. त्याआधी एक गोष्ट ठरवा: टॅक्ससाठी आईवडील तुमच्या रिटर्नवर डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून असलेले) म्हणून जाणार, की दोघं मिळून स्वतःचं जॉइंट रिटर्न भरणार? मार्केटप्लेसवरचं सगळं गणित या एका उत्तरावर फिरतं, आणि नेमकं हेच न ठरवता लोक अर्ज भरायला बसतात.

व्हिजिटर इन्शुरन्सचं आधी उरकतो. तो प्रवाशांसाठी असतो. आधीपासूनच्या आजाराला त्यात एकतर काहीच मिळत नाही किंवा फक्त 'अचानक उद्भवलेला त्रास' एका ठरावीक रकमेपर्यंत मिळतो, आणि वय वाढलं की ती रक्कम झपाट्याने कमी होते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाची नेहमीची कार्डिऑलॉजिस्टची भेट, स्ट्रेस टेस्ट, रोजची औषधं यातलं काहीही त्यात येत नाही. मार्केटप्लेसचा प्लॅन मात्र २०१४ पासून कायद्याने आधीच्या आजारावरून नाकारता येत नाही, त्यासाठी थांबायला लावता येत नाही आणि त्यापायी जास्त हप्ताही घेता येत नाही. वयाप्रमाणे हप्ता वाढतो, पण बहुतेक राज्यांत २१ वर्षांच्या माणसाच्या तिप्पट ही कमाल मर्यादा आहे आणि ती ६४ ला गाठली जाते. म्हणजे वडील ६७ चे काय किंवा ७५ चे काय, दर ६४ चाच.

'६५ च्या पुढे मेडिकेअर घ्यावंच लागतं, मार्केटप्लेस चालत नाही' हा गैरसमज फार पसरलेला आहे. (मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा.) ज्याने इथे कामाचे ४० क्वार्टर, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरलेले नाहीत (जोडीदाराचे असले तरी चालतात), त्याला ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही. तोपर्यंत वडिलांना मार्केटप्लेस पूर्ण खुलं आहे. मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यालाही ग्रीन कार्डवाल्यांना साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं स्वतःच्या पैशातून त्याआधी आधार देतात, टेक्सास त्यांत नाही. तुम्ही त्या राज्यांत असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

आता मुख्य मुद्दा, उत्पन्नाचा.

मार्केटप्लेसची सबसिडी म्हणजे प्रीमियम टॅक्स क्रेडिट. ती 'घरा'च्या उत्पन्नावर ठरते, पण इथे घर म्हणजे छप्पर नव्हे, टॅक्स रिटर्न. आईवडील तुमच्याच घरात राहतात, तुमच्याच ताटात जेवतात, त्याचा इथे काही संबंध नाही. ते स्वतःचं जॉइंट रिटर्न भरत असतील तर त्यांचं दोन माणसांचं वेगळं घर, आणि तुमचे १,६०,००० त्यात मोजले जात नाहीत. तुम्ही त्यांच्यासाठी आय-८६४ हे हमीपत्र सही केलेलं आहे, त्याचाही मार्केटप्लेसच्या हिशोबात तुमचं उत्पन्न धरायला उपयोग होत नाही. ते बंधन मेडिकेड, फूड स्टॅम्प यांसारख्या योजनांचं आहे.

२०२६ च्या कव्हरेजसाठी दोन माणसांच्या घराची दारिद्र्यरेषा २१,१५० डॉलर धरली आहे. सबसिडी मिळायला उत्पन्न या रेषेपासून तिच्या चौपटीपर्यंत, म्हणजे २१,१५० ते ८४,६०० च्या दरम्यान हवं. २०२१ ते २०२५ या काळात वरची मर्यादा काढलेली होती, ती २०२६ ला परत आली. खालच्या टोकाला मात्र नवा आणि महत्त्वाचा बदल झालाय. २०२५ पर्यंत ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्या आणि मेडिकेड न मिळणाऱ्या लोकांना उत्पन्न रेषेखाली असलं तरी सबसिडी मिळायची. 'शून्य टाक, फुकट मिळेल' हा सल्ला तेव्हाचा आहे आणि तेव्हा तो बरोबरच होता. जुलै २०२५ च्या कायद्याने ही सवलत १ जानेवारी २०२६ पासून बंद केली. आता शून्य टाकलंत तर सबसिडी शून्य, आणि पूर्ण हप्ता खिशातून.

तर मग त्यांचं उत्पन्न खरंच शून्य आहे का? ग्रीन कार्ड मिळालं की माणूस अमेरिकेच्या टॅक्ससाठी रेसिडेंट होतो आणि जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नवर दाखवावं लागतं. भारतातलं सगळं त्यात येतं. भारतात जे करमुक्त आहे तेही येतं, आणि आपल्या लोकांचं नेमकं हेच सुटतं. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त, इथे नाही. पी.पी.एफ.चं व्याज भारतात करमुक्त, इथे बहुतेक सी.पी.ए. (इथले सी.ए.) ते दरवर्षी उत्पन्नात धरतात.

एक हिशोब मांडून दाखवतो. आकडे कल्पित आहेत, तुमचे तुम्ही घाला. वडिलांची पेन्शन महिना ७२,०००, म्हणजे वर्षाला ८,६४,०००. सांगलीतल्या फ्लॅटचं भाडं महिना २०,०००, वर्षाला २,४०,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज २,४६,०००. बँकेतल्या ठेवींचं २,१०,०००. इथवर बेरीज १५,६०,००० रुपये. डॉलरला ९० रुपये धरले तर साधारण १७,३०० डॉलर. रेषेच्या खाली, सबसिडी नाही. आता उसाचे खर्च वजा जाता साडेतीन लाख आणि पी.पी.एफ.चं व्याज १,४२,००० मिळवा. २०,५२,००० रुपये, म्हणजे २२,८०० डॉलर. रेषेच्या वर. एकही खोटा आकडा न घालता, फक्त जे दाखवायलाच हवं होतं ते दाखवून.

फरक किती पडतो? समजा तुमच्या काउंटीत दोघांचा मिळून बेंचमार्क प्लॅन (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर; सिल्व्हर हा ब्रॉन्झ आणि गोल्ड यांच्या मधला स्तर) महिना २,८०० डॉलर आहे. दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांच्या आत असलेल्या घराने २०२६ मध्ये या प्लॅनसाठी उत्पन्नाच्या २.१० टक्के भरायचे असतात. २२,८०० चे २.१० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ४७९, महिन्याला ४० डॉलर. उरलेलं सरकार थेट कंपनीला देतं. पुन्हा १५० टक्क्यांच्या आतल्या घराला सिल्व्हर प्लॅन घेतला तर खर्च-सवलतही मिळते, त्या प्लॅनमध्ये कंपनी सरासरी ९४ टक्के खर्च उचलते. एरवी सिल्व्हरमध्ये हा आकडा ७० असतो. ही सवलत फक्त सिल्व्हरवर आहे. ब्रॉन्झ शून्य हप्त्यात दिसतो म्हणून तो घेणारे बरेच आहेत, आणि मग पहिल्याच अँजिओग्राफीला हजारो डॉलरचं डिडक्टिबल (कंपनी पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम) समोर येतं. वडिलांची तब्येत पाहता उत्पन्न या पट्ट्यात असेल तर सिल्व्हरशिवाय दुसरं काही बघूच नका.

उत्पन्न फुगवून रेषेवर नेणं हा मात्र गुन्हा आहे आणि मी कोणाला तो सल्ला देत नाही. अर्जावर तुम्ही शपथेवर सही करता. मार्केटप्लेसला तुमच्या भारतातल्या उत्पन्नाची नोंद इथल्या कुठल्याही यंत्रणेत सापडणार नाही, त्यामुळे पुरावा मागितला जाणार हे गृहीत धरा. साधारण ९० दिवसांची मुदत मिळते. पेन्शनची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, भाडेकरार, साखर कारखान्याने जमा केलेल्या ऊसबिलाची नोंद असं सगळं निघण्याआधीच स्कॅन करून ठेवा. नुसता सातबारा पाठवू नका. तो जमिनीचा कागद आहे, उत्पन्नाचा नाही, शिवाय मराठीतला कागद इंग्रजी भाषांतराशिवाय तिथे कोणी वाचणार नाही. शेतीच्या खर्चाच्या पावत्याही हव्यात, कारण इथे खर्च वजा करून उरलेलं निव्वळ उत्पन्न धरतात. भाड्याचंही तसंच: घसारा आणि दुरुस्ती वजा होते, त्यामुळे २,४०,००० चे रिटर्नवर बरेच कमी दिसू शकतात. रेषेच्या अगदी काठावर असाल तर हा हिशोब सी.पी.ए.कडून आधी करून घ्या. आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आपलं एप्रिल ते मार्च. भारतातल्या रिटर्नवरचा आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही.

प्रामाणिक अंदाज २२,८०० चा दिला, मार्केटप्लेसने तो मान्य करून सबसिडी सुरू केली, आणि वर्षअखेर रुपया घसरल्याने किंवा ऊसबिल थकल्याने प्रत्यक्ष उत्पन्न २०,९०० निघालं, तर? अशा वेळी सबसिडी परत करावी लागत नाही, जोवर अंदाज जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने चुकवलेला नाही. म्हणूनच तो अंदाज कसा काढला याचा एक कागद, आकडेमोडीसकट, फाइलला लावून ठेवा. दर कोणत्या तारखेचा धरला तेही लिहा.

पहिल्या वर्षाची एक अडचण आहे, तिकडे टॅक्स भरून देणाऱ्यांचंही कधी कधी दुर्लक्ष होतं. मार्चमध्ये आलेला माणूस त्या वर्षापुरता 'ड्युअल-स्टेटस' असतो, म्हणजे काही महिने परदेशी आणि पुढे रेसिडेंट. अशा जोडप्याला जॉइंट रिटर्न भरता येत नाही. आणि विवाहित जोडप्याने जॉइंट भरलं नाही तर, काही अपवाद सोडता, सबसिडी मिळत नाही. वाट एकच: दोघांनी पूर्ण वर्षासाठी रेसिडेंट मानलं जाण्याची निवड करायची आणि तसं दोघांच्या सहीचं निवेदन रिटर्नला जोडायचं. मग जानेवारी-फेब्रुवारीतलं भारतातलं उत्पन्नही धरलं जातं. तुमच्या बाबतीत ते सोयीचंच आहे, कारण उत्पन्न रेषेच्या वर राहायला त्याची मदत होते. भारतात कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट इथे मिळतं, त्यामुळे टॅक्स फारसा लागू नये. मात्र दहा हजार डॉलरच्या वर परदेशी खाती असली तर एफबार हा त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो, आणि भारतातले म्युच्युअल फंड असतील तर त्यांचे नियम किचकट आहेत. ही कामं टॅक्सवाल्याची. पण तो टॅक्सवाला भारतातलं उत्पन्न हाताळणारा हवा, कोपऱ्यावरचं दुकान नको.

दुसरा मार्ग, आईवडिलांना तुमच्या रिटर्नवर डिपेंडंट दाखवण्याचा. त्यासाठी त्या व्यक्तीचं एकूण उत्पन्न एका छोट्या रकमेच्या आत लागतं, टॅक्स वर्ष २०२५ साठी ती ५,२०० डॉलर होती आणि दरवर्षी थोडी सरकते. शिवाय निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचललेला हवा. वरच्या हिशोबातले वडील यात बसत नाहीत. पण ज्यांच्या आईवडिलांना पेन्शन नाही, जे काही होतं ते मुलांच्या शिक्षणात गेलं, अशांसाठी हाच मार्ग उरतो आणि तो वाटतो तितका वाईट नाही. सहा माणसांच्या घराची चौपट मर्यादा २०२६ साठी १,७२,६०० डॉलर आहे. तुमचे १,६०,००० त्याच्या आत आहेत! तुम्हाला, पत्नीला आणि मुलांना नोकरीतून विमा मिळतो म्हणून तुम्हा चौघांना सबसिडी नाही, पण आईवडिलांना ऑफिसचा विमा देऊच केलेला नसेल तर त्यांच्यापुरती ती मिळते. या पट्ट्यात उत्पन्नाच्या ९.९६ टक्के तुमचा वाटा, म्हणजे १५,९३६. बेंचमार्क वर्षाला ३३,६०० असेल तर सबसिडी १७,६६४. महिना दीड हजाराच्या आसपास. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी माणसं 'आपल्याला कसली सबसिडी' म्हणून हे बघतच नाहीत.

यातली जोखीमही तशीच मोठी आहे. बोनस आला, कंपनीने देऊ केलेले शेअर हातात आले (व्हेस्ट झाले) आणि उत्पन्न १,७२,६०१ झालं, की सबसिडी पूर्ण जाते. पूर्वी परतफेडीला काही उत्पन्नगटांत मर्यादा होती, २०२६ पासून ती कोणालाच नाही. सगळे १७,६६४ पुढच्या एप्रिलमध्ये परत. म्हणून या मार्गाने जाणाऱ्याने ४०१(के) (नोकरीतलं निवृत्ती खातं) आणि एच.एस.ए.मध्ये (आरोग्य बचत खात्यात) डिसेंबरपर्यंत भर घालायची सोय हाताशी ठेवावी, त्यांनी मोजलं जाणारं उत्पन्न कमी होतं. काठावर असाल तर सबसिडी आगाऊ न घेता पूर्ण हप्ता भरून रिटर्नमध्ये एकदम मागणं हाही पर्याय आहे, फक्त तेवढा पैसा वर्षभर अडकतो.

या दोन्हींच्या मधली जागा सगळ्यात वाईट. वडिलांचं उत्पन्न ५,२०० च्या वर, पण दोघांचं मिळून २१,१५० च्या खाली. ना धड डिपेंडंट, ना सबसिडी. निव्वळ पेन्शनवर जगणारी बरीच जोडपी इथेच अडकतात. अशांना पूर्ण हप्ता भरावा लागतो, आणि मग निवड वेगळ्या निकषावर करायची. सबसिडी नसेल तर मार्केटप्लेसवरचा सिल्व्हर बहुधा घेऊ नये, कारण खर्च-सवलतीचा बोजा कंपन्यांनी त्याच्या हप्त्यात टाकलेला असतो. टेक्सासमध्ये तर कित्येक काउंटींत गोल्ड सिल्व्हरपेक्षा स्वस्त असतो. या जोडप्यांनी एक गोष्ट मात्र तपासावी: म्युच्युअल फंड किंवा प्लॉट विकण्याचा विचार आधीपासून असेल, तर तो नफा कोणत्या वर्षात पडू द्यायचा. खरी विक्री, खरा नफा, फक्त वर्ष निवडून केलेला. यात गैर काही नाही.

आता तारखा. ग्रीन कार्डवर देशात आल्यापासून ६० दिवसांची विशेष नावनोंदणी मिळते, वर्षातल्या कोणत्याही महिन्यात. परदेशातून इथे राहायला येणं आणि पात्र इमिग्रेशन दर्जा मिळणं, दोन्ही कारणं त्यांना लागू आहेत. कव्हरेज सुरू होतं प्लॅन निवडल्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेला. ४ मार्चला उतरलात, ५ ला निवडलात काय किंवा ३१ ला निवडलात काय, विमा १ एप्रिललाच. तिकीट बदलता येत असेल तर २५-२६ फेब्रुवारीला उतरवा, २८ च्या आत प्लॅन निवडा, १ मार्चपासून विमा. इमिग्रंट व्हिसाची मुदत बघून तारीख महिनाअखेरीस आणणं हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा फायदा आहे. तिकीट बदलत नसेल तर त्या चार आठवड्यांपुरता व्हिजिटर किंवा नव्या इमिग्रंटसाठीचा छोटा प्लॅन घ्या. तुमच्या पहिल्या मित्राच्या सल्ल्याचा उपयोग एवढाच. ६० दिवस चुकले तर मात्र नोव्हेंबरची वाट बघावी लागते. हेल्थकेअर डॉट गव्हवरची खुली नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते, आणि २०२७ च्या कव्हरेजपासून ती १५ डिसेंबरलाच बंद होणार आहे, पूर्वीसारखी जानेवारीच्या मध्यापर्यंत नाही.

अर्ज करताना खातं वडिलांच्या नावाने उघडा, कारण रिटर्न ते भरणार आहेत. तुमच्या नावाने उघडून त्यात त्यांना घातलंत की यंत्रणा तुमचं उत्पन्न विचारू लागते आणि तिथून गोंधळ सुरू होतो. ओळख पटवण्याच्या पायरीवर अर्ज अडकेल, हे जवळपास नक्की. तिथे जुने पत्ते, कर्जं यांवरून प्रश्न येतात आणि नुकत्याच आलेल्या माणसाचा इथे क्रेडिट इतिहासच नसतो. घाबरू नका, कागद अपलोड करा किंवा सरळ मार्केटप्लेसच्या कॉल सेंटरला फोन करून अर्ज भरा. वडील स्वतः फोनवर हवेत, दुभाषा मागितला तर फुकट मिळतो. ग्रीन कार्ड टपालाने यायला वेळ लागतो, तोवर पासपोर्टमधला शिक्का मारलेला इमिग्रंट व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. त्यावरचा 'ए' ने सुरू होणारा नंबर अर्जात लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर नंतर आला तरी अर्ज थांबवू नका, आल्यावर घाला. व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये त्या नंबरची मागणी केलेली नसेल तर इथे आल्यावर ऑफिसात जाऊन अर्ज करावा लागेल.

निवड केली म्हणजे विमा सुरू झाला असं नाही. पहिला हप्ता कंपनीकडे भरल्याशिवाय कार्ड चालत नाही. हप्ता तुम्ही भरलात तरी चालतं. पुढे हप्ता चुकला तर सबसिडी घेणाऱ्याला तीन महिन्यांची सवड असते, पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली बिलं कंपनी रोखून धरते.

अर्जात तंबाखूचा प्रश्न येतो. तो फक्त सिगारेटचा आहे असं समजून 'नाही' ठोकून देतात. गेल्या सहा महिन्यांत आठवड्यातून सरासरी चार किंवा जास्त वेळा कुठल्याही रूपात तंबाखू, म्हणजे चुन्याबरोबर मळलेली, गुटख्यातली, अगदी दाताला लावायची मशेरीसुद्धा, यात येते. टेक्सासमध्ये यासाठी हप्ता ५० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो आणि वाढीव भागाला सबसिडी लागू होत नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत हा अधिभार घेता येत नाही. उत्तर खरंच द्या. सवय असेल तर सोडण्याचं समुपदेशन या प्लॅनमध्ये विनाशुल्क असतं.

प्लॅन निवडताना टेक्सासमध्ये पी.पी.ओ. (नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांकडेही जाऊ देणारा प्लॅन) शोधत बसू नका. नेटवर्क म्हणजे कंपनीशी करार असलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं. वैयक्तिक बाजारात बहुतेक एच.एम.ओ. आणि ई.पी.ओ.च आहेत, म्हणजे नेटवर्कबाहेर इमर्जन्सी सोडून काही नाही. म्हणून आधी कार्डिऑलॉजिस्ट आणि जवळचं मोठं हॉस्पिटल ठरवा, मग ते ज्या प्लॅनमध्ये आहेत तो घ्या. कंपनीच्या वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते. डॉक्टरच्या ऑफिसात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. एकाच कंपनीचे तीन-चार नेटवर्क असतात, नुसतं कंपनीचं नाव सांगितलं की तिकडून 'हो' येतं आणि बिल आल्यावर कळतं की तो वेगळा प्लॅन होता.

औषधांची यादी करताना भारतातली ब्रँडनावं चालत नाहीत. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. ही इथे स्वस्तात मिळतात. पण मधुमेहाची विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड, रक्तदाबाची सिल्निडिपिन ही भारतात सर्रास लिहून दिली जाणारी औषधं अमेरिकेत विकलीच जात नाहीत. वडिलांच्या गोळ्यांत यांपैकी काही असेल तर निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांशी बोला आणि इथे मिळणाऱ्या औषधावर महिनाभर आधी बदल करून साखर बघून घ्या. इथे आल्यावर पहिल्या अपॉइंटमेंटला कित्येक आठवडे लागू शकतात, तेवढ्या दिवसांच्या गोळ्या, इंग्रजी प्रिस्क्रिप्शन आणि अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज पेपर हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको. दातांची कामं आणि चष्मे सांगलीतच उरका. मोठ्यांचे दात या प्लॅनमध्ये येत नाहीत, वेगळा डेंटल घेतला तरी त्याची वार्षिक मर्यादा एका रूट कॅनाल आणि कॅपमध्ये संपते.

फोनवर गोड बोलून 'ओबामाकेअरचाच (म्हणजे मार्केटप्लेसचाच) प्लॅन' म्हणून विकणारे बरेच आहेत. आधीच्या आजाराला वेटिंग पीरियड आहे म्हणाले, दिवसाला अमुक डॉलर देऊ म्हणाले किंवा 'शेअरिंग' हा शब्द काढला, तर तो मार्केटप्लेसचा प्लॅन नाही. परवानाधारक एजंट घ्यायला हरकत नाही. त्याला कमिशन कंपनी देते, तुमचा हप्ता तोच राहतो. फक्त उत्पन्न शून्य टाका किंवा इतकं टाका असं जो एजंट तुम्हाला न विचारता सांगतो, त्याच्याकडून उठा.

आईवडील हिवाळ्यात चार-पाच महिने सांगलीला जाणार असतील तर दोन गोष्टी. प्लॅन भारतातला खर्च सहसा देत नाही, त्यामुळे तिथे वेगळी सोय लागते. आणि लांबच्या गैरहजेरीने मेडिकेअरसाठीचा सलग पाच वर्षांचा वास तुटू शकतो, सहा महिन्यांच्या पुढे तर ग्रीन कार्डावरही प्रश्न येतात. वडिलांची पाच वर्षं भरतील तो महिना आत्ताच लिहून ठेवा. त्या महिन्याच्या आगेमागे तीन-तीन महिने, असा सात महिन्यांचा काळ त्यांना मेडिकेअरसाठी मिळतो. २०२६ च्या दराने मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) महिना २०२.९० आणि कामाचे क्वार्टर नसलेल्याला पार्ट ए (हॉस्पिटलचा खर्च) ५६५ डॉलर आहे. हप्ता भरून पार्ट ए घेणं सक्तीचं नाही. न घेतल्यास पुढेही मार्केटप्लेसची सबसिडी चालू राहू शकते, पण नंतर पार्ट बी घ्यायचा झाला तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १० टक्के दंड कायमचा लागतो.

दरवर्षी जानेवारीअखेर मार्केटप्लेसकडून १०९५-ए हा वर्षभराच्या हप्त्या-सबसिडीचा फॉर्म येतो, त्यावरून सबसिडीचा हिशोब जुळवणारा फॉर्म ८९६२ रिटर्नला जोडायचा. तो जोडला नाही तर पुढची आगाऊ सबसिडी बंद होऊ शकते.

तुमच्या बाबतीत नेमकं सांगायला मला दोन आकडे हवेत: वडिलांचं आणि आईचं, दोघांचं वेगवेगळं, भारतातलं जानेवारी ते डिसेंबरचं सगळं उत्पन्न, करमुक्त धरून, आणि तुमच्या घराचा झिप कोड. काउंटीप्रमाणे बेंचमार्क बदलतो, त्याशिवाय यापुढची बेरीज करता येणार नाही.